परवाना आहे, परवानगीही मिळाली. पण बंदुकीला टेकू कशाचा?

अकोला : हरभरा घाट्यावर आला, तूर शेंगांनी लदली की वऱ्हाडात जागल सुरू होते. दिवसभर वावरात राबायचं आणि रात्री पुन्हा त्याच वावरात जाऊन रोह्यांचे कळप, डुकरांच्या टोळ्या हाकलायच्या. डबे वाजवून होतात, फटाके फोडून होतात, धुऱ्यावर जुन्या साड्या बांधून होतात. जनावर चार दिवस बिचकतं, पाचव्या दिवशी साडीखालून आत येतं. मग कोणीतरी म्हणतंच, "घरात बंदूक आहे ना, मग काढा ना परवानगी!"

जठारपेठेसारख्या वस्तीत घर आणि बाळापूर, पातूर नाहीतर बार्शिटाकळीकडे वावर, अशी अकोल्यात कितीतरी कुटुंबं आहेत. त्यातल्या काहींकडे वडिलांच्या, आजोबांच्या काळापासून चालत आलेला परवाना आणि एखादी दुनाळी असते. अर्ज कुठे द्यायचा, शिक्का कोणाचा लागतो, यावर पारावर भरपूर चर्चा होते. पण परवानगीचा कागद हातात पडल्यावर रात्री वावरात ती बंदूक कशावर टेकवून धरायची, यावर फारसं कोणी बोलत नाही. दुकानात विचारलं तर नळीखाली लावायचा दोन पायांचा बायपॉड दाखवतात. मोबाइलवर पाहिलं तर परदेशातले शिकारी तीन पायांच्या काठ्या घेऊन माळरानात फिरताना दिसतात. त्यातलं किती आपल्या वावरात चालतं, हा वेगळा प्रश्न आहे.

टेकू घेतल्यानं नेम पक्का होतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण टेकू निवडताना पहिला विचार नेमाचा नसतो. गोळी चुकली, किंवा लागून आरपार गेली, तर ती पुढे कुठे थांबणार, हा विचार आधी करायचा असतो. कारण रात्रीच्या वेळी शेजारच्या वावरातही कोणीतरी जागलीवर असतो. तो खाटेवर घोंगडी पांघरून पडलेला असतो आणि इकडून दिसत नाही.

आधी कागद

टेकूच्या गोष्टीकडे वळण्याआधी कायद्याचं थोडक्यात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ९ नुसार शिकार बंद आहे. छंद म्हणून, मटणासाठी, पाहुणे आले म्हणून, कशासाठीही नाही. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या ठरावीक प्राण्यांपुरती वाट कलम ११ मध्ये ठेवली आहे. त्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांचा किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो आणि तो आदेश ठरावीक क्षेत्रापुरता असतो. महाराष्ट्रात रोही आणि रानडुक्कर या दोघांसाठी २०१५ मध्ये सरकारने या परवानगीची पद्धत ठरवून दिली. शेतकऱ्याचा अर्ज वनक्षेत्रपालांकडे जातो.

बिहारमध्ये २०१५ साली केंद्राने रोही आणि रानडुकराला काही काळ 'उपद्रवी' जाहीर केलं होतं. त्याचे व्हिडिओ अजूनही इकडे फिरतात आणि आपल्याकडेही तसंच आहे असा समज होतो. तसं नाही. इथे कागद लागतोच.

काळवीट आणि चिंकारा यांचं नाव या यादीत नाही, हे पक्कं ध्यानात ठेवावं. मूर्तिजापूरकडे काळविटांचे कळप पिकात उतरतात, नुकसानही करतात. पण हे प्राणी पहिल्या अनुसूचीत आहेत आणि पीक खाल्लं म्हणून त्यांना मारायची परवानगी मिळत नाही. रात्री बॅटरीच्या झोतात फक्त डोळे चमकतात. डोळ्यांवर बार टाकला आणि सकाळी काळवीट निघालं, तर परवानगीचा कागद वाचवत नाही.

अजून एक कलम फारसं कोणाला माहीत नसतं. अभयारण्यात किंवा त्याच्या हद्दीपासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या बंदूक परवानाधारकाने आपलं नाव वन विभागाकडे नोंदवायचं असतं, असं कलम ३४ सांगतं. बार्शिटाकळी तालुक्यात काटेपूर्णा आणि अकोट तालुक्यात नरनाळा ही अभयारण्यं आहेत, त्यामुळे त्या भागातल्या गावांनी हे बघून घ्यावं. आणि बंदूक परवान्यावर ज्याचं नाव त्याच्याच हाती. शेजाऱ्याला एका रात्रीपुरती उसनी देणं म्हणजे शस्त्र कायद्याचा गुन्हा.

हात का हलतो

आता बंदुकीकडे. उभं राहून, हातावर तोलून धरलेली बंदूक कधीच स्थिर नसते. श्वास चालू असतो, छाती ठोकत असते, चार किलोच्या आसपासचं वजन पुढच्या हातावर येतं आणि अर्ध्या मिनिटात दंड थरथरायला लागतो. त्यात डिसेंबरची थंडी, आणि समोर डूक्कर दिसल्यावर वाढलेली धडधड.

हे हलणं किती महाग पडतं, याचा हिशेब सोपा आहे. नळी साधारण ७० सेंटीमीटर लांब धरली आणि तिच्या टोकावरची माशी फक्त १ मिलिमीटर इकडेतिकडे झाली, तर ५० मीटरवर गोळी सुमारे ७ सेंटीमीटर सरकते. माशी ३ मिलिमीटर हलली की २१ सेंटीमीटर. रानडुकराची मर्माची जागा, म्हणजे खांद्यामागचा काळीज-फुप्फुसाचा भाग, एका जेवणाच्या ताटलीएवढा. ३ मिलिमीटरमध्ये गोळी त्या ताटलीबाहेर जाते आणि पोटात नाहीतर पायात बसते. जखमी डूक्कर पऱ्हाटीत शिरून बसतं. सकाळी कापूस वेचायला बाया त्याच वावरात येतात.

हाच प्रश्न नेमबाजही सोडवत असतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं. या प्रकारात गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून असे तिन्ही नेम साधायचे असतात. पहिल्या दोन्हींत दंडाला बांधलेला पट्टा वापरता येतो. गुडघ्यावर बसताना घोट्याखाली एक गोल उशीही ठेवता येते. उभं राहताना मात्र पट्टा चालत नाही. खेळाडू त्यामुळे बंदुकीचा भार स्नायूंवर न ठेवता हाडांवर घेतात. कोपर बरगडीला किंवा कमरेला टेकतं, बंदुकीचं वजन हाताच्या हाडांतून खाली जातं. स्नायू थकतो, हाड थकत नाही. वावरातल्या टेकूचंही काम एवढंच : बंदुकीचा भार हातावरून काढून जमिनीवर, लाकडावर किंवा हाडावर टाकायचा.

बायपॉड सुंदर, पण वावरात आंधळा

दुकानातला बायपॉड नळीखालच्या लाकडाला बसतो आणि पालथं पडून नेम धरायला उत्तम असतो. लष्करात, रेंजवर, मोकळ्या माळावर त्याला तोड नाही. पण सोयाबीनच्या नाहीतर हरभऱ्याच्या वावरात पालथं पडलं की समोर दिसतात ती पानं. तुरीत तर माणूस उभा राहिला तरी काही दिसत नाही. वर रात्रीच्या ओलीत, काळ्या चिकट मातीत तासन् तास पालथं कोण पडणार?

त्याहून मोठी अडचण वेगळी आहे. जमिनीवरून मारलेली गोळी जमिनीला समांतर जाते. अकोल्याच्या मधोमध पूर्णेच्या दोन्ही बाजूंना पसरलेला खारपाणपट्टा तर ताटासारखा सपाट आहे. ना टेकडी, ना खोरं. रायफलच्या काडतुसाची गोळी अडली नाही तर तीन किलोमीटरहून पुढे जाऊ शकते. अगदी छोट्या .२२ च्या गोळीलाही दीड किलोमीटरच्या आसपासचा पल्ला असतो. तीन किलोमीटरमध्ये आपल्याकडे एक गाव, दोन वस्त्या आणि एखादा डांबरी रस्ता सहज येतो. बायपॉड वाईट नाही, पण त्याची जागा रेंजवर आहे.

दुबेळकं आणि तिकाटणं

झाडाच्या फांदीचं दुबेळकं जमिनीत रोवून त्यात बंदूक टेकवणं ही जुनी पद्धत. पैसा लागत नाही, बाभळीचं किंवा बोरीचं चांगलं टिकतं. पण एकाच पायाचं असल्यामुळे ते पुढे-मागे डुलतं. बंदूक वर-खाली हलत नाही, आजूबाजूला मात्र हलते. रोवलेलं असेल तर जनावर दुसऱ्या बाजूनं आल्यावर उपटून फिरवताना आवाज होतो, आणि डुकराचे कान, नाक दोन्ही तिखट.

त्यापेक्षा तीन काठ्यांचं तिकाटणं बरं. वेळूच्या तीन सारख्या काठ्या घ्यायच्या, वरून वीतभर खाली सुतळीनं किंवा सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं आवळायच्या आणि पाय फाकवायचे. वर जो खाचा तयार होतो त्यात बंदूक बसते. पाय फाकवले की उंची कमी, जवळ घेतले की जास्त. आफ्रिकेत शिकारी उभ्यानं वापरतात त्या काठ्या याच जातीच्या. परदेशी बनावटीच्या घडीच्या ट्रायपॉडला रबरी पाय आणि फिरतं डोकं असतं, काम तेच. बसून वापरायचं असेल तर बसल्यावर खांद्याच्या उंचीएवढा खाचा यावा, म्हणजे मान वाकवावी लागत नाही. उभ्यानं वापरताना बंदुकीचा पुढचा भाग स्थिर झाला तरी मागचा दस्ता खांद्यावर डोलतच राहतो. म्हणून बसावं, दोन्ही कोपरं गुडघ्यांच्या आत टेकवावीत. गुडघ्याच्या वाटीवर कोपराचं टोक ठेवलं तर हाडावर हाड घसरतं, कोपराच्या वरचा मांसल भाग टेकवावा.

तिकाटण्याला पातूर-बार्शिटाकळीच्या चढ-उताराच्या वावरात जागा आहे. तिथे समोर टेकडीचा उतार असला तर गोळी मातीत थांबते. पण मुरमाड, कातळाचा उतार असेल तर गोळी आपटून उसळते, आणि उसळलेली गोळी कुठे जाईल हे कोणी सांगू शकत नाही. मातीचा उतार चालतो. दगडाचा नाही. ओढ्याच्या पाण्यावरही तेच, पाण्यावर तिरपी आपटलेली गोळी उसळते.

ट्रॅक्टरचं बोनेट, मोटारसायकलचं सीट, विहिरीचा कठडा यांवर बंदूक टेकवणारेही आहेत. पत्र्यावर आणि दगडावर बंदूक उडी मारते, त्याबद्दल पुढे. आणि इंजिन चालू असेल तर टेकूच थरथरतो.

माळा : वऱ्हाडी टेकू

सपाट वावरात खरा टेकू म्हणजे माळा. कोणी मचाण म्हणतं. जागलीसाठी तो आधीपासूनच असतो, फक्त बहुतेक माळे झोपायला सोयीचे बांधलेले असतात, बंदूक टेकवायला नाही.

माळ्याची उंची काय करते ते आकड्यात बघू. ४० मीटरवर रोही उभा आहे. त्याच्या काळजाची उंची जमिनीपासून सुमारे ९० सेंटीमीटर. शेतकरी जमिनीवर बसला असेल तर त्याच्या बंदुकीची नळीही साधारण तेवढ्याच उंचीवर. म्हणजे गोळी सरळ आडवी जाते. रोह्याला चुकली तर शेजाऱ्याच्या वावरातून पुढच्या वावरात. आता तोच शेतकरी १० फूट उंच माळ्यावर बसला. बसल्यावर नळी जमिनीपासून सुमारे ४ मीटर वर येते. तिथून ४० मीटरवरच्या त्याच जागेवर नेम धरला तर गोळीची रेघ खाली झुकलेली असते आणि रोह्याच्या मागे साधारण १२ मीटरवर जमिनीत घुसते. रानडुक्कर बुटकं, त्याच्या बाबतीत ६ मीटरवरच. काळी माती नांगरलेली असेल तर गोळी बहुधा तिथेच राहते. म्हणजे जी आड टेकडी निसर्गानं खारपाणपट्ट्यात दिली नाही, ती माळ्याच्या उंचीनं तयार होते.

हा फायदा अंतरानं लवकर संपतो. १०० मीटरवर तीच रेघ इतकी चपटी होते की रोह्यामागे २९ मीटरपर्यंत गोळी हवेत असते, शिवाय चपट्या कोनात मातीवरूनही उसळू शकते. म्हणून माळ्यावरून ४०-५० मीटरच्या पुढे मारायचं नाही, मग बंदूक कितीही लांब पल्ल्याची असो. जनावर जवळ येईल तिथे माळा बांधावा. डुकरांच्या वाटा ठरलेल्या असतात, ओल्या मातीत खूर दिसतात. त्या वाटेच्या आडव्या बाजूला, वारा जनावराकडून माळ्याकडे वाहील अशा जागी माळा असावा.

बांधताना चार बल्ल्या, तळाला फरशी नाहीतर बाजेचं विणकाम, आणि समोर एक आडवी बल्ली. ही आडवी बल्लीच खरा टेकू. ती बसणाऱ्या फळीला बांधायची नाही, सरळ उभ्या बल्ल्यांना आवळायची. माणूस कूस बदलतो तेव्हा फळी हलते, बल्ली त्याच्यापासून वेगळी असेल तर बंदूक हलत नाही. उंची बसल्यावर छातीच्या वर, हनुवटीच्या खाली. झाडावरच्या माळ्यात ही सोय करणं अवघड, कारण वाऱ्यानं अख्खं झाडच झुलतं. एकटं लिंबाचं झाड वावरात आहे म्हणून त्यावर माळा बांधण्यापेक्षा बल्ल्यांचा बरा.

आडव्या बल्लीवर दोन उभ्या खुंट्या ठोकाव्यात. बंदुकीची नळी या दोन खुंट्यांच्या मध्येच फिरेल एवढ्या अंतरावर. डावीकडे शेजाऱ्याचा माळा, उजवीकडे गाडरस्ता असेल तर त्या दिशांना नळी वळणारच नाही अशा त्या ठोकायच्या. या खुंट्या दिवसा उजेडात, आजूबाजूचं सगळं दिसत असताना ठरवायच्या. रात्री झोपेतून जागं झाल्यावर दिशा चुकते, खुंटी चुकत नाही. शेजारी कोण कुठे झोपणार, हे त्या रात्री विचारून घेणं तर पाहिजेच.

खाली मऊ, नळी मोकळी

टेकू कुठलाही असो, बंदूक थेट लाकडावर, लोखंडावर किंवा दगडावर ठेवायची नाही. बार उडाला की बंदूक मागे आणि वर झटका देते. खालचा टेकू कडक असेल तर ती त्यावरून उसळते आणि गोळी नेमाच्या वर लागते. मधे काहीतरी मऊ पाहिजे : घडी घातलेली घोंगडी, गोधडी, नाहीतर वाळूची छोटी पिशवी. वाळू सगळ्यात चांगली, कारण ती बंदुकीच्या आकाराला बसते आणि उसळू देत नाही. मात्र तुडुंब भरू नये, तीन चतुर्थांश भरावी. दुसरी, मुठीत मावेल एवढी पिशवी दस्त्याखाली ठेवली तर मागचं डोलणंही थांबतं. डाव्या हातानं ती पिशवी दाबली की नळी केसभर खाली येते, सोडली की वर. रेंजवरचे नेमबाज असंच बारीक जुळवतात.

टेकवायचं ते नळीखालचं लाकूड, नळी नाही. नळी टेकवली तर बार उडताना ती वेगळ्याच दिशेनं ढकलली जाते. पुन्हा, पहिल्या दोन मुद्द्यांचा परिणाम म्हणजे ज्या टेकूवर मारायचं त्याच टेकूवर बंदूक तपासलेली असावी. तपासणी परवाना असलेल्या शूटिंग रेंजवर करायची. परवानगी मिळाली म्हणून वावरात डबे ठेवून सराव करणं त्या परवानगीत बसत नाही.

दुनाळीवाल्यांसाठी वेगळा हिशेब

वर रायफलबद्दल बोललं, पण वऱ्हाडात परवाने जास्त करून १२ बोअरच्या आणि ठासणीच्या बंदुकांचे. शस्त्र कायदा, १९५९ मध्येही पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख नावानं आहे. ३१५ बोअरची रायफल असलेले थोडे.

एलजी, एसजीच्या काडतुसात मोजके मोठे छर्रे असतात आणि ते पुढे जाताना पसरतात. ३५-४० मीटरच्या पुढे छर्ऱ्यांमधली फट इतकी वाढते की एखादा मांडीत, एखादा पोटात, बाकी वावरात. टेकू कितीही भक्कम असला तरी हा पसारा कमी होत नाही. दुनाळीवाल्यानं टेकूवर पैसे घालण्यापेक्षा माळा जनावराच्या वाटेच्या २५ मीटरच्या आत आणावा. ठासणीच्या बंदुकीला तर दुसरा बार भरायला वेळच नसतो.

टेकूवर बंदूक स्थिर झाली की माणसाला लांबचं मारायची हिंमत येते. हा टेकूचा एक तोटाच म्हणायचा. माळ्यासमोर २५ आणि ४० मीटरवर चुना लावलेल्या दोन खुंट्या रोवून ठेवल्या तर अंतराचा अंदाज चुकत नाही. रात्री बॅटरीच्या झोतात सगळंच जवळ वाटतं.

बार झाल्यावर

बार झाला की लगेच माळ्यावरून उतरायचं नाही. पडलेलं डूक्कर मेलेलं असेलच असं नाही, आणि जखमी डूक्कर अंधारात माणसावर येतं. उजाडेपर्यंत थांबावं. मेलेलं जनावर कायद्यानं सरकारची मालमत्ता असतं, कलम ३९. घरी नेता येत नाही, वाटता येत नाही. वन विभागाला कळवायचं, पंचनामा होऊ द्यायचा. जखमी होऊन दुसऱ्याच्या वावरात गेलं असेल तर तेही सांगायचं, लपवलं तर धोका त्या वावरात जाणाऱ्याला.

आणि माळ्यावर चढताना-उतरताना बंदूक हातात किंवा गळ्यात घ्यायची नाही. आधी काडतूस काढायचं, दुनाळी मोडून नळ्या रिकाम्या बघायच्या, मग दोरीनं नळीचं तोंड खाली करून बंदूक सोडायची. ठासणीची बंदूक भरलेली असेल तर ती अशी रिकामी होत नाही, म्हणून ती माळ्यावर पोचल्यावरच भरायची. उतरायच्या वेळीही ती भरलेलीच राहिली असेल, तर खुंट्यांच्या मधल्या दिशेनं, माळ्यासमोरच्या नांगरलेल्या मातीत, उजाडल्यावर आणि शेजाऱ्याला हाक मारून तो बार काढायचा.